एक मेंदूविकारतज्ज्ञ, नाशिक

आमचं वाचनालय रविवार कारंजाजवळच्या एका बोळात, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर होतं. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं आणि पुस्तकांवर पिठाची पुटं चढायची. ग्रंथपाल म्हणून ज्यांचं नाव पाटीवर होतं ते महिन्यातून दोनदा उगवायचे. बाकी सगळा कारभार माझ्याकडे, म्हणजे मोतीराम मौलेकडे. आमच्या घरचे मखमलाबादला मेथी आणि झेंडू लावायचे. मला मातीत हात घालायचा कंटाळा आणि पुस्तकात तोंड खुपसायची हौस, म्हणून मी इथे. हे आधीच सांगतो, कारण मी जे केलं ते कुणा अडाण्याने केलं असं कुणाला वाटायला नको. चांगल्या वाचलेल्या माणसाने केलं.

वाचनालयाच्या वाचकांना एक खोड असते. पुस्तक आपलं नसतं, पण मत आपलं असतं, आणि ते समासात लिहिल्याशिवाय घास उतरत नाही. कुणी ‘वा!’ लिहितं, कुणी ‘भिकार’ लिहितं, आणि एखादा महाभाग तिसऱ्याच पानावर खुनी कोण ते लिहून मोकळा होतो. आमचे चिटणीस याला इतके कावले की त्यांनी प्रत्येक कादंबरीच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवायला लावला. वर छापलेलं, ‘अभिप्राय येथेच लिहावा.’ झालं! लोकांना रानच मोकळं मिळालं. काही जण तर कादंबरी न वाचता नुसता तो कागद वाचून पुस्तक परत करायचे.

नियम असा होता की सहा महिने कुणी हात लावला नाही ते पुस्तक बांधून माळ्यावरच्या पेटीत टाकायचं. मला त्याचं वाईट वाटायचं. म्हणून मी एक दिवस एका पडून राहिलेल्या कादंबरीच्या कागदावर लिहिलं, ‘रात्रभर झोप नाही. — एक गृहिणी, पंचवटी.’ आठवड्याभरात ते पुस्तक चार घरं फिरून आलं. मग मला चटकच लागली. मी निवृत्त पोस्टमास्तर झालो, कॉलेजकुमार झालो, देवळाली कॅम्पातला फौजी झालो. अक्षर बदलायचो, शाई बदलायचो, भांडणंही लावायचो. पोस्टमास्तरांनी नावाजलं की फौजी फाडून खायचा. तो वाद बघायला लोक पुस्तक न्यायचे आणि मी टेबलामागे मिशीत हसत बसायचो. पुस्तकं वाचवतोय असं मी स्वतःला सांगत होतो, पण खरं म्हणजे मला त्यात मजा येत होती.

पंच्याहत्तर साली निवृत्ती भिकन पगारे नावाचे एक शिक्षक जिना चढून आले. हरसूलच्या शाळेत होते. सडपातळ, पांढरा शर्ट, खिशाला एकच पेन. त्यांनी स्वतः लिहून छापून घेतलेली कादंबरी आणली होती, ‘सात नंबरची खाट’. दोन प्रती वाचनालयाला भेट दिल्या आणि पावतीही मागितली नाही. विचारलं ते एवढंच, “मौले साहेब, याला पण तो कागद लावणार ना?”

कादंबरी अशी होती. एक माणूस दवाखान्यात सात नंबरच्या खाटेवर जागा होतो. त्याला काही म्हणजे काही आठवत नाही. सख्खा भाऊ, वकील आणि दवाखान्याचा मोठा डॉक्टर असे तिघे मिळून त्याला पटवतात की तू कुणी दुसराच आहेस, कारण त्याची द्राक्षबाग त्यांना गिळायची असते. पण त्याचा एक जुना मित्र रोज उशाशी येऊन बसतो, रोज त्याला त्याचीच गोष्ट सांगतो, आणि शेवटी त्या सांगण्यानेच त्याला सगळं आठवतं. तिघांच्या हातात बेड्या.

पुस्तक बरं होतं. आज सांगतो, चांगलंच होतं. तेव्हा कबूल करणं मला जड गेलं, कारण माझ्या स्वतःच्या कादंबरीची तीन प्रकरणं घरी ट्रंकेत पडून होती आणि चौथं काही केल्या सुचत नव्हतं.

गंमत म्हणजे हे पुस्तक चालवायला मला काही लिहावंच लागलं नाही. आपोआप चाललं. कागद भरायला लागला. ‘चाळीस पानांपर्यंत झोप आली, नंतर उडाली.’ ‘वकील बदमाश आहे हे दुसऱ्या प्रकरणातच ओळखले. तरी वाचले.’ ‘नाव आठवत नाही पण चहात साखर किती ते आठवते, वा रे स्मृतिभ्रंश!’ ‘सासूबाईंना फार आवडली. मला अजून हातात मिळालेली नाही.’ ‘पान ११२ ज्याने फाडले त्याने मुकाट्याने आणून द्यावे.’ आणि एका नर्सबाईंनी लिहिलं होतं, ‘शेवट वाचून रडले. असा मित्र प्रत्येक पेशंटला मिळो.’

पगारे गुरुजी दर शनिवारी यायचे. सकाळची शाळा सुटली की एसटी धरायची, दुपारी नाशिकला, थेट आमच्या जिन्यावर. पुस्तक आत असलं तर कागद उघडून नवे अभिप्राय एका वहीत उतरवून घ्यायचे. एकेक शब्द, फाडलेल्या पानाच्या तक्रारीसकट. उतरवताना चेहऱ्यावर असं काही समाधान पसरायचं की माझ्या पोटात दुखायचं. मला वाटायचं, काय हा माणूस! स्वतःचं कौतुक वहीत साठवतो! घरी जाऊन आरशासमोर वाचत असेल.

एकदा मी खोचकपणे विचारलंही, “गुरुजी, हे सगळं उतरवून करता काय?”

ते जरा लाजले. म्हणाले, “घरी वाचून दाखवतो. मंडळींना आवडतं. त्या सात नंबरवाल्याचं पुढं काय झालं, लोक त्याच्याबद्दल काय म्हणतात, असं विचारत असतात.”

मी मनात म्हटलं, म्हणजे बायकोसमोरही मिरवतो.

शहात्तरच्या उन्हाळ्यात, एका शुक्रवारी दुपारी, वाचनालयात कुणी नसताना मी हिरव्या शाईचा पेन काढला. हिरवी शाई मोठे साहेब वापरतात, लोक तिला घाबरतात. आणि ताठ, उभ्या अक्षरांत लिहिलं:

‘लेखकाने वैद्यकीय माहिती घेतलेली दिसत नाही. गेलेली स्मृती कुणी गोष्टी सांगितल्याने परत येत नसते. उलट रोज तेच तेच ऐकवल्याने रुग्णाच्या मेंदूवर ताण पडून अपाय होतो. या कादंबरीतील खरा गुन्हेगार वकील नव्हे, उशाशी बसणारा मित्र होय. — एक मेंदूविकारतज्ज्ञ, नाशिक.’

मेंदूविकाराचं मला ओ की ठो कळत नव्हतं. वाक्यं वजनदार वाटली म्हणून लिहिली. ‘खरा गुन्हेगार मित्र’ या कल्पनेवर तर मी इतका खूश झालो की दोनदा वाचून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. वही उघडली, उतरवायला लागले. ‘अपाय होतो’पर्यंत आले आणि पेन थांबलं. मी देवघेवीच्या चिठ्ठ्या लावण्याचं सोंग करत त्यांच्याकडे बघत होतो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. एकदाचं समाधान उतरलं म्हटलं.

ते टेबलाशी आले. “मौले साहेब, हे डॉक्टर कोण आहेत?”

त्याच वेळी टेबलाशी आणखी दोघे सभासद उभे होते. त्यांच्यासमोर काय सांगणार, मीच तो म्हणून? माझ्या सगळ्या गृहिणी आणि पोस्टमास्तर एका झटक्यात मेले असते आणि चिटणिसांनी मला जिन्यावरून खाली ढकललं असतं. मी म्हणालो, “फार मोठे डॉक्टर आहेत. मूळचे इथलेच, पण मुंबईला असतात. आईला भेटायला येतात तेव्हा पुस्तक नेतात. नाव सांगू नका म्हणालेत.”

“त्यांना एक विचारायचं होतं. माझ्या ओळखीत एक पेशंट आहे.”

“चिठ्ठी द्या लिहून. पोचवतो.”

त्यांनी वहीचं पान फाडून तिथेच उभ्याने लिहिलं. ती चिठ्ठी मला तोंडपाठ आहे. ‘पेशंट स्त्री, वय एकतीस. तीन वर्षांपूर्वी मेंदूज्वर झाला. आधीचे काही आठवत नाही. नवऱ्यालाही ओळखत नाही. सांगितलेले आठवडाभर राहते, मग निसटते. नवरा रोज जुन्या गोष्टी सांगतो. दवाखान्यातून तसेच सांगितले होते. परंतु ऐकताना ती फार रडते. सांगणे थांबवावे काय?’

चिठ्ठी वाचून माझ्या डोक्यात काय आलं असेल? मला वाटलं, पुढच्या कादंबरीची तयारी चालली आहे! या वेळी पेशंट बाई, आणि गुरुजी फुकटात तज्ज्ञाचा सल्ला घेतायत. ‘ओळखीत’ म्हणे! लेखक लोक असंच म्हणतात, हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण मी स्वतःला त्यांच्यातलाच समजत होतो. आणि त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला, तोही सांगतो. नवऱ्याने सांगणं थांबवलं तर त्या कादंबरीत पुढे घडायला काही उरणारच नाही. बसू दे अडकून, माझ्यासारखं तिसऱ्या प्रकरणावर.

पुढच्या शनिवारी मी त्यांच्या हातात उत्तर दिलं. हिरव्या शाईत एकच शब्द होता. ‘थांबवावे.’

त्यांनी ती चिठ्ठी घडी करून वरच्या खिशात ठेवली. म्हणाले, “उपकार झाले. डॉक्टरांना नमस्कार सांगा.” मी सांगतो म्हणालो.

त्यानंतर गुरुजी आले नाहीत. मला दोन-तीन शनिवार चुकल्यासारखं झालं, मग विसरलो. इकडे हिरव्या अभिप्रायाने वाचनालयात धुमाकूळ घातला. नर्सबाईंनी खाली लिहिलं, ‘डॉक्टरांशी असहमत.’ कॉलेजातल्या कुणीतरी लिहिलं, ‘मित्रच गुन्हेगार, हे पटते.’ पुस्तकासाठी नंबर लागले, दोन्ही प्रतींच्या बांधण्या सुटल्या, मी त्या खळ लावून पुन्हा बांधल्या. हे श्रेय माझं, असं मी कितीतरी वर्षं मानत होतो.

त्र्याऐंशी साली पुंजाराम नावाचा एक एसटी कंडक्टर आमचा सभासद झाला. हरसूल गाडीवर असायचा. त्याने ‘सात नंबरची खाट’ नेली आणि परत करताना म्हणाला, “हे पगारे गुरुजी आमच्या गाडीचे. लय भला माणूस. बायकोचं मात्र वाईट झालं बघा.”

“काय झालं?”

“मेंदूत ताप गेला. नवरा कोण, सासर कोणतं, काय नाय आठवत. आधी गुरुजी रोज ओट्यावर बसून तिला सारं सांगायचे, आम्ही येता-जाता बघायचो. मग कुणा मोठ्या डॉक्टरनं सांगितलं, असं करू नका. तवापासून एक शब्द बोलत नाय. ती त्यांना गुरुजी म्हणते आन् त्यांच्याकडं सैपाकाला ठेवलीय असं समजते.”

खाली गिरणी चालू होती आणि टेबल थरथरत होतं. मी पुस्तकावर परतीचा शिक्का मारला तो चुकीच्या जागी पडला. पुंजाराम पुढचं पुस्तक मागत होता आणि मला त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

मी लगेच हरसूलला गेलो का? नाही गेलो. अकरा महिने गेलो नाही. आज खोकला आहे, उद्या वार्षिक सभा आहे, परवा पाऊस आहे. त्या अकरा महिन्यांत मी एकही अभिप्राय लिहिला नाही, जणू तेवढ्याने फिटणार होतं. जेवताना बायको काही आठवण काढायची, ‘आपण लग्नानंतर पहिल्यांदा सोमेश्वरला गेलो होतो तेव्हा’ असं काही, आणि माझा घास तोंडात फिरायचा. तिला वाटायचं भाजी बिघडली.

शेवटी चौऱ्याऐंशीच्या मार्गशीर्षात गेलो. हरसूलला त्या दिवशी बाजार होता. नागली, उडीद, वाळलेले मासे, गर्दीतून वाट काढत विचारत विचारत गुरुजींच्या घरी पोचलो. कौलारू दोन खोल्या, पुढे सारवलेला ओटा, आत भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर. गुरुजींचे केस पूर्ण पांढरे झाले होते. मला ओळखून इतके आनंदले की मला तिथूनच पळून जावंसं वाटलं.

“मौले साहेब! तुम्ही आणि इथं!” आणि आत वळून म्हणाले, “बाई, पाव्हणे आलेत. पाणी आणा.”

बायकोला बाई म्हणत होते. अहो-जाहो करत होते.

ती पाणी घेऊन आली. उंच, सावळी, डोक्यावर पदर, चेहरा शांत. तांब्या ठेवला, मला “बसा भाऊ” म्हणाली आणि आत गेली. आतून भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. माझ्या मनात एक घाणेरडा विचार आला की बघ, सुखात तर आहे, मग कशाला उकरून काढतोस.

गुरुजीच बोलायला लागले. “तुमच्या डॉक्टरांचं खरं ठरलं. मी सांगणं थांबवलं तसं तिचं रडणं थांबलं. मला त्रास झाला. रोज तोंडाशी यायचं. पण अपाय होतो म्हटल्यावर काय करणार? मीच गुन्हेगार ठरलो असतो.” ते जरा थांबले. “एक मात्र राहून राहून वाटतं. चिठ्ठीच्या महिनाभर आधी ती चुलीपाशी बसली होती. मी शाळेतून आलो, आणि तिने मान वर न करता म्हटलं, ‘अवो, उशीर केला.’ गुरुजी नाही, अवो. लगेच गप्प झाली, तिचं तिलाच कळलं नाही. डॉक्टरांना चिठ्ठीत हे लिहायचं राहिलं. उभ्याने लिहिली ना. हे लिहिलं असतं तर त्यांनी वेगळं सांगितलं असतं का, कुणास ठाऊक. ते परत येतात का हो कधी?”

मी तांब्या उचलून पाणी प्यायलो. मग एकदम बोलून टाकलं. “गुरुजी, डॉक्टर कुणी नव्हता. तो अभिप्राय मी लिहिला. चिठ्ठीचं उत्तरही मीच दिलं. मला वाटलं तुम्ही कादंबरीसाठी विचारताय. मला तुमचा हेवा वाटत होता. मला मेंदूचं काही कळत नाही. मी नुसता मोतीराम मौले आहे.”

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. मग ते हळूहळू गेलं. मला वाटलं आता मारतील, आणि मारावं असं मनापासून वाटत होतं. ते उठले, ओट्याच्या कडेला गेले, परत आले, बसले. बोटं मोजायला लागले. मोजून झाल्यावर म्हणाले, “आठ वर्षं.”

“गुरुजी, मी—”

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. दाराकडे तोंड करून, घसा खाकरून, हाक मारली. “गोजरा!”

आतला भाकरीचा आवाज थांबला नाही.

“गोजरा! अगं गोजरा!” आवाज फुटला त्यांचा. कितीतरी वर्षं न उच्चारलेलं नाव होतं ते.

गोजराबाई पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. आधी गुरुजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आमच्या पाठीमागे रस्त्याकडे. तिच्या चेहऱ्यावर घाई दिसायला लागली.

“कोणाला हाक मारता गुरुजी? गोजरा कोण?” आणि मग तिचं तिनेच ठरवलं आणि चेहरा खुलला. “तुमची मंडळी आली व्हय? अगं बाई! मला वाटायचं हायत कुठं या इतके दिस. लय वाट बघायला लावली बाईनं.” तिने कोपराने पदर पुढे ओढला, ओट्यावर आली आणि बाजाराच्या गर्दीत डोळे ताणून शोधू लागली. मग माझ्याकडे वळली. “भाऊ, तुमच्याच संगं आली ना ती? मागं राहिली का? कुठवर आली?”

मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरलेले होते, पण ते माझ्यावरून हलले नाहीत.

“सांगा, डॉक्टर,” ते म्हणाले.

गोजराबाई उत्तरासाठी जरा थांबली, मग ओट्यावरून खाली उतरली आणि पिठाचा हात कपाळाशी धरून रस्त्याकडे बघत उभी राहिली.